चाळीसगावच्या पुरात माझ्याकडे आलेलं काम

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, तेव्हा मी पाचोऱ्यातल्या एका मदत संस्थेत नवीनच होते. नाव नोंदवताना फारसं काही लागलं नव्हतं. आधारची झेरॉक्स, रक्तगट, घरच्यांचा नंबर. फॉर्मवर शेवटी तीन प्रश्न होते: पोहता येतं का, दुचाकी चालवता का, इकडची बोली अहिराणी येते का. तिसऱ्याला मी हसले होते.

प्रशिक्षणात प्रथमोपचार शिकवले. सीपीआर म्हणजे छातीवर ३० दाब, मग दोन श्वास, पुतळ्यावर. दोन मिनिटांत दंड भरून येतात. माझ्यावर तशी वेळ अजून आलेली नाही.

वेळ आली ती कपडे निवडायची. पूर आला की लोक मदत म्हणून आधी आपलं कपाट रिकामं करतात. फाटके शर्ट, लग्नातले शेरवानी, एकेकटे बूट. निम्मा ढीग बाजूला काढण्यात सकाळ गेली आणि तेवढ्या वेळात डाळीची पोती उतरवायला माणसं कमी पडली. मला विचाराल तर जुने कपडे पाठवूच नयेत.

मग वस्तीत यादी करायला पाठवलं. पहिल्याच घरी आजी अहिराणीत म्हणाल्या, "कपडा शेतस माय, चुल्हा वाही गया. सयपाक कसावर करू?" म्हणजे कपडे आहेत, चूलच वाहून गेली. तिथून पुढे मी "काय हवं?" असं विचारणं सोडून "आज काय रांधलं?" असं विचारायला लागले. खरं उत्तर त्यातून मिळायचं. एका घरी दादर ज्वारीचं अख्खं पोतं पोचलं होतं, पण चक्कीत चिखल. दाणे असून भाकर नाही! त्यांच्या नावापुढे मी पीठ, तवा, काडेपेटी लिहिलं. बायांकडून सॅनिटरी पॅडचं मात्र वेगळं, हळू आवाजात विचारावं लागे. सोबतचा दादा तेवढ्यापुरता गल्लीच्या टोकाला जाऊन थांबायचा.

हातात वही दिसली की लोकांना वाटायचं भरपाई आली. जनावरं वाहून गेलेले तर हात धरून गोठ्यात न्यायचे. त्यांना दारातच सांगायचं: हा पंचनामा नाही, तो तलाठी आप्पा करतील, तोवर गोठ्याचे फोटो काढून ठेवा. आम्ही मात्र किट घेताना कुणाचाही फोटो काढायचा नाही, हा संस्थेचा नियम. देणगीदार कुरकुरायचे. कुरकुरू देत.

वाटप कूपनवर झालं, घरटी एक. दोन कुटुंबं एका छताखाली असली तर दोन चुली, दोन कूपनं. यावरून संध्याकाळपर्यंत वाद चालले आणि यादी दोनदा फिरवावी लागली.

पाणी ओसरलं तसे बरेच स्वयंसेवक परतले. विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकून झाल्यावरही मला फोन येत होते, बहुतेक ताडपत्रीसाठी.