कानबाईची फळी: टूलपाथ अखेर हलला

कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीसाठी सागाच्या फळीवर मोर कोरतोय, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर. मागच्या वेळी फळी रंधून मशीनच्या बेडवर पकडली होती आणि फिनिशिंगच्या, म्हणजे शेवटच्या बारीक कोरणीच्या, टूलपाथपाशी (कोरणारा बिट ज्या वाटेने फिरतो ती वाट) घोडं अडलं होतं. व्ह्यू जरा फिरवला की स्क्रीन गोठायची. माउसचं चाक फिरवा आणि मोर कधी जवळ येतो याची वाट बघत बसा. काल रात्री ते सुटलं, आणि त्याबरोबर मशीनचं एक जुनं दुखणंही गेलं.

पहिला संशय अर्थातच ग्राफिक्स कार्डावर. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ०, म्हणजे इंटेलचं अंगचं ग्राफिक्स, पूर्ण भरलेलं. जीपीयू १, म्हणजे एनव्हीडियाचं वेगळं कार्ड, शून्यावर. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन फ्रीकॅड (ज्यात मी टूलपाथ बनवतो तो प्रोग्रॅम) जोडलं, हाय परफॉर्मन्स निवडलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. चाचणी रात्रीच घेतली, तीही चार्जर लावून. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो, आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर कार्डाचा वेगही उतरतो. अशा वेळी घेतलेल्या मापावर भरवसा ठेवू नये.

नुसती एसटीएल, म्हणजे मोराच्या थ्रीडी आकाराची फाइल, आता मस्त फिरायला लागली. टूलपाथ दाखवला की पुन्हा ठप्प.

मग पुन्हा टास्क मॅनेजर. एनव्हीडियाचा आलेख तळाला, सीपीयू १२-१३ टक्क्यांवर खिळलेला. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरवर साडेबारा टक्के म्हणजे एक थ्रेड पुरता भरलेला आणि बाकीचे सात रिकामे. कार्डाला काम पुरवणाराच दमला असेल तर कितीही मोठं कार्ड आणून उपयोग नाही.

मेशमुळे, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या त्या आकारामुळे, असेल का? बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे माझ्या १०० एमबीच्या फाइलमध्ये साधारण २० लाख त्रिकोण. मेश निवडून स्पेसबार दाबला, मेश लपली, अडकणं तसंच. मग टूलपाथ बनवणारं थ्रीडी सरफेसचं ऑपरेशन लपवलं आणि व्ह्यू एकदम मोकळा झाला. चोर सापडला!

आता हिशोब बघा. फळी ३०० बाय २०० मिमी, ३ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा बिट), स्टेपओव्हर, म्हणजे दोन रेघांतलं अंतर, बिटच्या १० टक्के म्हणजे ०.३ मिमी. २०० मिमीत झाल्या ६६७ रेघा. सॅम्पल इंटरव्हल, म्हणजे रेघेवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर, ०.१ मिमी, म्हणजे एका रेघेत ३००० बिंदू. एकूण २० लाख बिंदू, आणि व्ह्यू हलला की ते सगळे पुन्हा काढायचे. इंटरव्हल ०.३ केला, बिंदू पावणेसात लाखांच्या आत आले. ऑप्टिमाइझ लिनिअर पाथ्स हा पर्याय चालू केल्यावर मोरामागच्या सपाट भागातले एका रेषेतले बिंदूही गळाले. व्ह्यू हाताबरोबर फिरायला लागला. मोराच्या मानेजवळ झूम करून रेघा पाहिल्या, वळण कुठेही तुटलेलं नाही.

मशीनचं दुखणं म्हणजे कोरताना होणारं ते बारीक थरथरणं. मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल १.१ या सॉफ्टवेअरचा प्लॅनर उनोवर (आर्डुइनोचा छोटा बोर्ड) १६ ब्लॉक, म्हणजे वाटेचे १६ तुकडे, पुढचं बघतो, आणि तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग घेतो. ०.१ मिमीचे १६ तुकडे म्हणजे फक्त १.६ मिमी. माझं अ‍ॅक्सिलरेशन (वेग वाढण्या-उतरण्याचा दर) १०० मिमी प्रति सेकंद वर्ग आहे. एवढ्या अंतरात थांबायचं तर वेग सेकंदाला १८ मिमीच्या आतच राहणार, म्हणजे मिनिटाला जेमतेम १०७०. फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, १५०० लिहिलेलं, मशीन तिथवर पोचतच नव्हतं. ०.३ च्या तुकड्यांनी पुढचं ४.८ मिमी दिसतं आणि १५०० सहज मिळतात. एमडीएफच्या तुकड्यावर चालवून पाहिलं, आवाज सलग येतो आणि कडेला लाटा नाहीत. इतका आनंद झाला की आईला उठवून तुकडा दाखवला.

जुनं वर्कस्टेशन घ्यायचा बेत आता रद्द. ते पैसे कार्बाइडच्या बिटांना. सागात सिलिका असते, एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) धार त्यात बघता बघता जाते. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त बॉलनोजची दांडीच वाकडी निघाली, कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) फिरवली की टोक डोलतं. बिट हातात घेऊन, दुकानातच फिरवून बघूनच घ्यावा.

लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय. सगळी फळी थ्रीडीत कशाला? कडेची वेल व्ही-बिटने, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार बिटने, कोरली तर थ्रीडीचा भाग फक्त मधल्या मोरापुरता उरेल आणि बिंदू अजून कमी होतील. म्हणजे ड्रॉइंगमध्ये कड वेगळी काढावी लागेल. रफिंग, म्हणजे जादा लाकूड काढायची पहिली कोरणी, या रविवारी करणार होतो, ते पुढच्या रविवारी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तोवर फळीला तेल लावून ती वाळायलाही हवी. सागावर बारीक वेल कुणी कोरली असेल तर सांगा, ६० अंशाचा व्ही-बिट घ्यावा की ९० चा? ६० ने पानांची टोकं बारीक येतील असं वाटतं, पण सागाचे रेषे उडण्याची धास्ती आहे.