मामाच्या दशावताराच्या डॅट फाइल्स

आमच्याकडे वेंगुर्ल्यात जत्रांचा हंगाम सुरू झाला की मामाच्या जुन्या नाटकांची आठवण निघतेच. मामा दशावतारात स्त्रीपार्टी करायचा. वीसेक वर्षांपूर्वी गावच्या जत्रेतला एक प्रयोग कुणीतरी कॅमेऱ्यात घेतला होता आणि त्याच्या व्हीसीडी घरोघर वाटल्या होत्या. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावरच सुचतात, त्यामुळे त्या रात्री मामा जे बोलला ते त्या तीन डिस्कवर सोडून कुठेच नाही. म्हणून त्या डिस्कवरचं नाटक फोनवर लागेल अशा फाइलींत उतरवायचं काम मी अंगावर घेतलं.

लॅपटॉपला ड्राइव्ह नव्हता, तो बाहेरून जोडायचा विकत घेतला. डिस्क उघडली तर आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात एकच मोठी डॅट फाइल. फोनवर लागेना. भाच्याने शेवटची अक्षरं बदलून एमपीजी केली, तर लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये लागली, पण पेनड्राइव्हवरून टीव्हीवर नाही. डॅट हे आडनाव कुणीही लावतं, त्यावरून आतलं काही कळत नाही. इंटरनेटवर 'डॅट टू एमपीफोर' करून देणाऱ्या साइट्स ढीगभर आहेत, पण जवळजवळ सगळ्या चित्र नव्याने दाबतात, म्हणजे कॉम्प्रेस करतात. आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबून हाती काय उरणार? शिवाय आमच्या इथल्या नेटवर सातशे एमबी वर चढवायचे म्हणजे रात्रभर जागरण, तेही नाटकाविना.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही प्रणाली आहे. त्यावर फाइल साधी कॉपी करायला गेले की सुरुवातीलाच वाचनात चूक असल्याचा संदेश येई. डिस्क गेली असं वाटावं असाच प्रकार. पण तिन्ही डिस्क नेमक्या एकाच जागी, फाइलच्या अगदी तोंडाशी कशा बिघडतील? तिथून व्हीसीडीची रचना वाचायला बसले आणि मजा आली.

व्हीसीडीचं मानक १९९३ चं. त्यात चित्र एमपेग-१ या दाबायच्या जुन्या पद्धतीचं असतं: आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८ बिंदू, सेकंदाला २५ चौकटी, ११५० किलोबिट. आवाज २२४ किलोबिट. हे आकडे असे विचित्र का, तर सगळा जमाखर्च साध्या एकपट वेगाच्या सीडी ड्राइव्हशी जुळवलेला आहे. असा ड्राइव्ह सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे, वाचतो. प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइटच आपले, उरलेल्यात ओळख आणि चुका दुरुस्त करायची शिदोरी. व्हीसीडीवाल्यांनी ती दुरुस्तीची शिदोरी काढून टाकली आणि व्हिडिओला २३२४ बाइट दिले. म्हणून तर ६५० एमबीच्या डिस्कवर ७४ मिनिटं मावतात.

उबुंटू प्रत्येक सेक्टरमधून २०४८ बाइट मागत होतं आणि हे सेक्टर त्या जातीचेच नव्हते. विंडोज ही फाइल कॉपी करू देतं, पण अख्खे २३५२ बाइट घेतं आणि वर ४४ बाइटचं शीर्षक चिकटवतं. म्हणजे डॅट फाइलच्या पोटात सरळ एमपेग-१ आहे, फक्त दर सेक्टरमागे २८ बाइटचा कचरा मध्ये येतो. काही प्लेअर तो ओलांडून पुढे जातात, काहींना ते जमत नाही. भाच्याची युक्ती अर्धवट का चालली, ते इथे कळलं.

मग व्हीसीडीइमेजर या फुकट संचातलं व्हीसीडीएक्सरिप वापरलं. ते ड्राइव्हमधून थेट योग्य सेक्टर वाचतं आणि स्वच्छ एमपीजी फाइल देतं. चित्राला कुठेही हात लागत नाही. विंडोजवर कॉपी केलेली डॅट फाइल हाताशी असेल, तर एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामला चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून फक्त डबा, म्हणजे फाइलचा बाहेरचा साचा, बदलायला सांगितलं तरी चालतं. हे मिनिटाभराचं काम आहे. ही एमपीजी माझ्या मते खरी मूळ प्रत. फोनसाठी पुढे जे काय कराल ते हिच्यावरून करा आणि हिला जपून ठेवा.

फोनसाठी चित्र एच-२६४ मध्ये आणि आवाज एएसीमध्ये दाबून एमपीफोर केली, दर्जाचा आकडा १८ ठेवून (हा आकडा लहान तितकं चित्र चांगलं). ती मामाला दाखवली. मामा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मी इतको बारीक कधी होतंय गो?"

त्याचं खरं होतं. व्हीसीडीचे बिंदू चौकोनी नसतात. ३५२ बाय २८८ हे चित्र पडद्यावर चारास तीन या प्रमाणात पसरायचं असतं, म्हणजे चौकोनी बिंदूंत ३८४ बाय २८८. फोन ते तसंच उभट दाखवत होता. एमपीफोर पुन्हा काढताना रुंदी ३८४ केली आणि मामा मूळ अंगावर आला. तुमच्या लग्नाच्या व्हीसीडीत सगळे वऱ्हाडी सडपातळ दिसत असतील, तर आधी हे तपासा.

तिसऱ्या डिस्कने छळलं. आमच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी धरली होती. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, गोलगोल नाही. टूथपेस्ट वगैरे उद्योग केले नाहीत, कुणी करू नयेत. त्यापेक्षा वाईट म्हणजे वरच्या बाजूला कुणीतरी बॉलपेनने दाबून नाव लिहिलं होतं. चकचकीत थर त्या नावाच्या लगेच खाली असतो, तिथे ओरखडा म्हणजे कायमची जखम. दुरुस्तीची शिदोरी नसल्याने अशा जागी काही भरूनही निघत नाही. माझा ड्राइव्ह तिथे अडून बसला. कुडाळच्या एका फोटो स्टुडिओतल्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने तीच डिस्क कमी वेगात बरीच पुढेपर्यंत वाचली. तिथे आयसोबस्टर या डिस्क वाचवायच्या प्रोग्रामने, न वाचले जाणारे सेक्टर सोडून, बाकीचे काढून आणले. तेवढ्या जागी चित्र चौकोनांत फुटतं, आवाज तुटतो आणि पुढची पूर्ण चौकट आली की परत सावरतं.

तिन्ही भाग जोडताना वेगळंच अडलं. प्रत्येक डिस्कचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, म्हणून फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या की प्लेअर गोंधळतो. एफएफएमपेगच्या जोडणीच्या सोयीने वेळ नीट पुढे चालू राहिली. दुसरी डिस्क मात्र संपते ती ऐन बाचाबाचीत, संकासुर राक्षसाचं वाक्य अर्ध्यावर तोडून. त्याला इलाज नाही.

घरच्या ग्रुपवर एकाने विचारलं, एआयने एचडी करून टाकू का? मी नको म्हटलं. एवढ्याशा चित्रात मामाच्या डोळ्यांतलं काजळ मोजून दोनतीन बिंदूंचं. त्यातून यंत्र जो चेहरा रंगवील तो भलत्याच कुणाचा तरी असेल.

सध्या एमपीजी फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, वेगळ्या घरी आहेत. परुळ्याच्या मावशीकडे याच प्रयोगाचा दुसरा संच असल्याचं कळलंय. तिच्या तिसऱ्या डिस्कवर कुणी बॉलपेन चालवलं नसेल, तर मधला फुटलेला तुकडा तिथून उचलता येईल. ड्राइव्ह पिशवीत टाकून रविवारी निघते.