घरात अखंड बडबड, शाळेत एक शब्द नाही

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि गणपतीच्या आसपास बाईंचा निरोप येतो, "पोरगी वर्गात एक शब्द बोलत नाही. घरी तरी बोलते का?" घरी तर तिचं तोंड मिटत नाही. भावाशी भांडते, गाणी म्हणते, आजीला उलट उत्तरं देते. असं चित्र असेल तर लेकरू हट्टी आहे किंवा नुसतं लाजाळू आहे असं म्हणून सोडून देऊ नका. हा सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो. तो चिंतेचा विकार आहे आणि डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात २०१३ पासून चिंताविकारांच्याच गटात मोडतो. ठरावीक जागी, ठरावीक माणसांसमोर लेकराची वाचा बसते. चेहरा थिजतो, मान हलवणंही जमत नाही, काहींचं अंगच आखडतं. बोलायचं मनात असतं, पण आवाज फुटत नाही.

निदानाची अट अशी की हे किमान महिनाभर टिकलेलं हवं आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरायचा नाही. नव्या जागी कुठलंही मूल बुजतंच. सुरुवात बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत झालेली असते, फक्त शाळेत जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. आधी चांगलं बोलणारं मूल एखाद्या घटनेनंतर अचानक सगळीकडे, घरातही, गप्प झालं तर ती गोष्ट वेगळी. तिथं वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

सोलापुरात भाषेचा गोंधळ फार होतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, कुठं उर्दू, आणि शाळा मराठी किंवा सेमी. नवी भाषा कानावर पडत असताना मुलं काही महिने गप्प राहतात हे खरं आहे. पण अशी मुलं खुणा करतात, खेळतात, मोडकेतोडके शब्द टाकून बघतात आणि आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं की मोकळी होतात. ओळखायचं कसं? शाळेत घरचीच भाषा बोलणाऱ्या मावशी किंवा बाई असतील तर त्यांच्याशी मूल कसं वागतं ते बघा. तेलुगू बोलणाऱ्या मावशींसमोरही ओठ मिटलेलेच असतील तर अडचण मराठीची नाही. आणि कुणीही सांगितलं तरी घरची भाषा बंद करू नका. लेकराचा मोकळा आवाज त्याच भाषेत आहे, आणि पुढचं सगळं काम त्या आवाजावरच उभं राहणार आहे.

घरात पहिलं काम दडपण काढण्याचं. "आज बोललीस का?" हा प्रश्न शाळेतून आल्या आल्या विचारायचा नाही. "बोललीस तर सायकल" हे आमिषही नको. बक्षीस मोठं असलं की भीतीही तेवढीच मोठी होते आणि जमलं नाही तर दुहेरी हार पदरी पडते. पाहुण्यांसमोर "नमस्कार म्हण, नाव सांग" हे थांबवा. संक्रांतीला तर प्रत्येक घरात "गोड बोल" म्हणत हातावर तिळगूळ ठेवतात आणि सगळे लेकराच्या तोंडाकडे बघत बसतात. तिथं आईनं "घे गं" एवढंच म्हणून विषय पुढे न्यावा. तिळगूळ देणं-घेणं हातानं होतं, ते तिला जमतं आणि ते पुरेसं आहे.

पण नुसतं दडपण काढून भागत नाही, आणि बरीच घरं इथंच अडकतात. शेजारच्या काकू विचारतात, "नाव काय गं तुझं?" आई लगेच उत्तर देते, "ती लाजते हो, श्रावणी नाव तिचं." काकूंना उत्तर मिळालं, आईला हायसं वाटलं, लेकीची सुटका झाली. ही सुटकाच चिंतेला खतपाणी घालते. गप्प राहिलं की भीती जाते, हे शरीर शिकतं आणि पुढच्या वेळी वाचा आणखी लवकर बसते. शिवाय "लाजते" हा शिक्का तिच्या कानावर शंभरदा पडतो. त्यापेक्षा मनात पाच अंक मोजा. पाच सेकंद फार लांब वाटतात, तरी थांबा. नाहीच आलं उत्तर तर प्रश्न बदलून तुम्ही विचारा, "काकूंना सांग, पहिलीत आहेस का दुसरीत?" पुन्हा पाच मोजा. तरीही नाही, तर सहजपणे "सांगेल नंतर" म्हणून पुढं चला. रागावणं नाही, कीव नाही. हे जिथं ती कुजबुजण्यापर्यंत तरी पोचली आहे तिथंच करायचं. जिथं ती पूर्ण थिजते तिथं प्रश्नच नको.

प्रश्नाच्या ठेवणीनं खूप फरक पडतो. "हो का नाही" असा प्रश्न विचारला की मान हलते आणि काम भागतं, आवाज येत नाही. "आज शाळेत काय काय झालं?" हा इतका मोकळा असतो की मूल गोंधळतं. "पेरू देऊ का केळं?" असा दोन पर्यायांचा प्रश्न मध्यम असतो, एका शब्दात उत्तर देता येतं. बाकी वेळ प्रश्न न विचारता ती करते ते बोलून दाखवा, "निळा खडू घेतलास, आता आभाळ रंगवतेस." ती बोलली तर टाळ्या नकोत, "आई गं, बोलली!" नको. "केळं म्हणालीस, बरं झालं, हे घे," एवढं शांतपणे पुरतं.

आता शाळेतलं मुख्य काम. याचं तत्त्व एका वाक्यात सांगतो: मूल बोलत असताना नवा माणूस हळूहळू आत आणायचा. आपण नेमकं उलटं करतो, माणूस समोर बसवतो आणि मुलाला बोलायला लावतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं, शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी एक रिकामी खोली मागून घ्या. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यानं हे साधत नाही, कारण मधल्या दिवसांत भीती पुन्हा मूळ धरते. आधी खोलीत फक्त आई आणि मूल. दार बंद. पत्ते, सापशिडी, काहीही खेळा. घरच्यासारखा आवाज येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही, यात दोन-चार खेपा जाऊ द्या. मुलाला आधीच साध्या शब्दांत सांगा की बाई कधी आणि कुठपर्यंत येणार. गुपचूप केलं तर विश्वास जातो.

मग आळीपाळीनं आकडे मोजायला लागा. आई एक, मूल दोन, आई तीन, असं दहापर्यंत. आकड्यांत विचार करावा लागत नाही, म्हणून ते सगळ्यात सोपे. घरी आकडे तेलुगूत मोजत असाल तर इथंही ओकटी, रेंडू, मूडूच. मोजणी चालू असताना बाई बाहेरून दाराजवळ येतात. पुढच्या फेरीत दार बोटभर उघडं. मग अर्धं. मग बाई उंबऱ्यात, पाठ करून. मग खोलीच्या टोकाला खुर्चीवर, वहीत बघत. मग जवळच्या बाकावर. मग त्याच गोलात बसून बाईही आपल्या पाळीचा आकडा म्हणतात: आई एक, बाई दोन, मूल तीन. हे दोन-तीन बैठकांत निश्चिंत झालं की आई मागं सरकते, मग दाराशी, मग बाहेर. बाई आणि मूल दोघंच राहिले की आकड्यांवरून वारांची नावं, मग चित्र बघून एकेक शब्द, मग "पेरू का केळं", मग छोटं वाक्य.

एका वेळी एकच गोष्ट बदला: माणूस, जागा किंवा काम. नवी बाई आणली तर खेळ जुना ठेवा. वर्गात न्यायचं असेल तर माणसं तीच ठेवा. आवाज बारीक झाला किंवा थांबला तर पायरी मोठी पडली एवढंच समजा. एक पायरी मागं या, तिथं जमलं की त्या दिवसाचं काम तिथंच संपवा. बिघडतं बहुतेक वेळा बाईंच्या आनंदानं. पहिल्यांदा आवाज ऐकला की त्या वळून बघतात, दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगतात आणि मूल पुन्हा आठवडेभर मिटतं. बाईंना हे आधी बजावून सांगा. दुसरी चूक म्हणजे एका बाईशी बोलायला लागली की थांबणं. दुसरी बाई, मग शेजारची मैत्रीण, मग तिघी-चौघी, असं प्रत्येक वेळी तोच जिना थोडा भरभर चढावा लागतो.

घरचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला फार उपयोगी पडतो, पण लेकराला विचारून. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो गेला तर झालेलं काम मातीत जातं.

रोजच्या वर्गात काही गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. सगळ्यात आधी लघवी. बोलून परवानगी मागता येत नाही म्हणून ही मुलं दिवसभर धरून ठेवतात आणि त्यासाठी पाणीच पीत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीवर जातो, तेव्हा हे धोक्याचं आहे. बाकावर एक कार्ड ठेवा. ते उभं केलं की न विचारता जायचं. शिवाय छोट्या सुट्टीआधी मावशींनी सगळ्यांबरोबर तिलाही न्यावं. पाण्याची बाटली आणि डबा घरी भरलेला परत येतो का ते रोज बघा. दुखलं-खुपलं दाखवायला दुसरं कार्ड द्या.

हजेरीला हात वर केला तरी चालेल. प्रतिज्ञा, कविता सगळ्यांबरोबर म्हणताना ओठ हलले तरी ती प्रगती आहे. परिपाठात सुविचार सांगायची पाळी आली तर आधी फलकावर लिहायला द्या. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाला शून्य देऊ नका. घरी रेकॉर्ड केलेलं वाचन तिच्या संमतीनं बाईंनी ऐकावं. मधल्या बाकावर सगळ्यांच्या नजरेसमोर बसवू नका, कडेला ओळखीच्या मैत्रिणीजवळ बसवा. मुलं म्हणतात, "ती बोलत नाही, बाई." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असावं, "ती घरी भरपूर बोलते, इथंही बोलेल." मैत्रीण तिची दुभाषी होऊ लागली तर तिला गोडीनं थांबवा. बोलेपर्यंत सुट्टी नाही, असली शिक्षा कुणी करत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मानसिक छळालाही बंदी आहे.

बाहेरचा सराव रविवारी. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर इतका गोंगाट असतो की आपलं कुणी ऐकेल ही भीती उरत नाही. तिथं ती आईशी मोकळं बोलू शकते, तसं बोलू द्या. दुकानदाराशी बोलण्याचा सराव मात्र गर्दीत नको, दुपारच्या रिकाम्या वेळी करा म्हणजे त्याला घाई नसते. आधी पैसे पुढं करणं, मग बोट दाखवणं, मग "दोन", मग "दोन द्या".

सुरुवातीला कान तपासून घ्या, आणि बोलण्यात दोष आहे का हे वाचा-उपचारतज्ज्ञांकडून. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. औषध प्रत्येकाला लागत नाही. वय वाढलेलं असेल, चिंता फार असेल, वरचं काम हलतच नसेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ काही वेळा चिंतेवरची गोळी सुरू करतात. पायऱ्यांचं काम तेव्हाही चालूच ठेवावं लागतं.

मे महिन्याच्या सुट्टीआधी एक काम नक्की करा. जूनमध्ये येणाऱ्या नव्या वर्गशिक्षकांचं नाव विचारून घ्या आणि आत्ताच्या बाईंसोबत त्यांनाही दोन-तीन बैठकांत त्याच गोलात बसवा. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात जाऊन तिला तिचा बाक, कार्डाची जागा आणि नळ दाखवून आणा. नव्या बाईंच्या हातात एक पान द्या: कुणाशी बोलते, किती आवाजात, कोणत्या खेळात, आणि कुठली पायरी अजून बाकी आहे.