वामेसाठी अडलेलं ड्रॉइंग

गेल्या मंगळवारी माझं ड्रॉइंग तिसऱ्यांदा परत आलं. शेरा एवढाच: मासा कापला जातो.

मी पंप डिझाइन करतो. आधी सहा वर्षं नवी मुंबईत, रबाळे एमआयडीसीत ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांचे, बार स्क्रीन (कचरा अडवणाऱ्या जाळ्या) आणि स्लज म्हणजे गाळाचे पंप काढले. आता पाच वर्षं झाली, नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ बसून पोल्डरमधलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतलं, पाणी उपसून कालव्यात टाकणारे पंप काढतोय. रबाळ्यालाही ड्रॉइंग परत यायचीच, पण पैशापायी. "स्टेनलेस स्टील कशाला? साध्या माइल्ड स्टीलमध्ये बसव, वरून इपॉक्सी मार" हे मी झोपेतही ऐकलंय.

इथे पाण्याचा कारभार वॉटरस्खाप नावाची मंडळं बघतात. देशात अशी २१ आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा, आणि काहींची मुळं पार तेराव्या शतकातली. त्यांच्याकडून रिव्ह्यूला साठीच्या एक बाई आल्या. रेनकोट खुर्चीला लावला आणि पिशवीतून बागेला पाणी घालायच्या हिरव्या नळीचा हातभर तुकडा काढला. माझ्या इम्पेलरचं, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाचं, थ्रीडी प्रिंट केलेलं मॉडेल टेबलावर होतं. त्यात नळी सोडली आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. पात्याचं टोक आणि केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) यांच्या मधल्या फटीत नळी अडकली. आणखी पाव फेरा, आणि नळीवर पांढरी चीर. बाई काही बोलल्या नाहीत, नळी फक्त माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर आधीच्या दहाबारा चिरा होत्या, म्हणजे मी पहिला नव्हतो. तेवढंच समाधान.

ती नळी म्हणजे ईल मासा. आपल्या वामेसारखी लांबुडकी, पण गोड्या पाण्यात वाढणारी. युरोपातली ईल नामशेष व्हायला आलीय, म्हणून युरोपीय संघाने २००७ मध्ये तिच्यासाठी खास नियम केला. ही बया अंडी घालायला पाच हजार किलोमीटरहून लांब सारगासो समुद्रात जाते. आणि निघते कधी? शरदातल्या अंधाऱ्या, वादळी रात्री, पाणी चढलं की. नेमके तेव्हाच आमचे पंप पूर्ण जोरात चालू असतात.

मला आधी हसू आलं, मग राग. रबाळ्याच्या स्क्रीनवर नारळ, निर्माल्याच्या पिशव्या, चपला यायच्या, एकदा तर अख्खी गोधडी. पंप बंद पडू नये एवढीच प्रार्थना. त्या पाण्यात मासा सापडला असता तर आम्ही पेढे वाटले असते!

इथे मात्र माशासाठी पाती कमी करा, पात्याची पुढची धार जाड आणि गोल करा, केसिंगची फट घटवा, आरपीएम म्हणजे फिरण्याचा वेग उतरवा. आरपीएम उतरवले की तेवढंच पाणी उचलायला इम्पेलर मोठा लागतो. इम्पेलर मोठा झाला की केसिंग मोठं, आणि ते जुन्या काँक्रीटच्या खड्ड्यात बसत नाही. वर एफिशियन्सी तीन टक्क्यांनी घसरली, त्याचा जाब पुन्हा मलाच. आणि एवढं करून हे लोक ईल धुरावून चवीने खातात! गेल्या वाढदिवसाला सहकाऱ्याने मला तीच आणून दिली होती. छान होती, खोटं कशाला बोलू.

जेवणाच्या सुट्टीत मी जरा फुशारकी मारली. म्हटलं, आमच्या नवी मुंबईत सिडकोने तुमच्याच पद्धतीने धारण तलाव, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरणारे तलाव, बांधलेत. भरतीला झडपा आपोआप बंद, ओहोटीला आपोआप उघडणार, पंपाशिवाय. तुमच्या किनाऱ्यावरच्या हुक ऑफ हॉलंडला भरती-ओहोटीत जेमतेम दोन मीटरचा फरक. आमच्याकडे मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. सगळे माना डोलावत होते, तेवढ्यात एकाने विचारलं, "गाळ कितीदा काढता?"

मी म्हटलं, तलावात कांदळवन उगवलंय, ते तोडायला हायकोर्टाची परवानगी लागते.

"म्हणजे तुम्हीपण झाडांसाठी काम थांबवता!" बाई खूश झाल्या. मी तो समज तसाच राहू दिला. आणि खोटं काय होतं त्यात? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, हेही जोडून दिलं.

रात्री बाबांचा फोन. कोपरखैरण्याला आमचं घर तळमजल्यावर आहे. २००५ च्या २६ जुलैनंतर बाबा पावसाळाभर पेपरात आधी भरतीची वेळ बघतात.

"उद्या दुपारी मोठी भरती आहे. फ्रिज विटांवर चढवलाय. तू तिकडे पाणी उपसतोस, इकडे कधी येणार उपसायला?"

थोडा अनुभव घेतो आणि येतो, असं मी म्हटलं. गेली पाच वर्षं हेच म्हणतोय. विषय बदलायला मग ईलचं रामायण ऐकवलं: नळी, चिरा, ड्रॉइंगच्या पुढच्या आवृत्तीत, रिव्हिजन डीमध्ये, तीनाऐवजी दोन पाती.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "किलोला काय भाव आहे तिकडे?"

"सुरमईपेक्षा महाग, बाबा."

"मग बरोबर आहे त्यांचं," म्हणाले, आणि विटा हलत नाहीत ना ते बघायला गेले.