ग्रुपसेटचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न साधारण असाच असतो: "पहिलीच रोडबाइक घ्यायचीय, बजेट बेताचं आहे, पण पार्ट चांगले हवेत. सोरा घेऊ की १०५ साठी थांबू?"

सोरा आणि १०५ ही शिमानोच्या ग्रुपसेटची नावं. शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या), कॅसेट (मागच्या चकत्या), चेन, ब्रेक या सगळ्यांचा संच म्हणजे ग्रुपसेट. खालून वर मोजायचं तर क्लॅरिसला मागे ८ गिअर, सोराला ९, टियाग्राला १०; त्यांच्या वर १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. आता यात क्यूज नावाची मालिकाही आली आहे. २०२३ मध्ये ती आधी सरळ हँडलच्या सायकलींसाठी निघाली आणि २०२५ मध्ये रोडबाइकच्या वाकड्या हँडलसाठीही, क्लॅरिस-सोरा-टियाग्राची जागा घ्यायला. म्हणून दुकानात जुनी आणि नवी, दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

पण माझं म्हणणं असं, की पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतील तर हे नाव सगळ्यात शेवटी बघावं. गिऱ्हाईक पहिल्यांदा मागच्या डिरेलरवरचं नाव वाचतं, हे सायकल बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे डिरेलर आणि शिफ्टर वरच्या श्रेणीचे लागतात, आणि तो खर्च क्रँक, ब्रेक, हब (चाकाचा मधला गड्डा), टायर यांतून भरून काढला जातो. यात लपवाछपवी नसते. सगळं स्पेसिफिकेशनच्या यादीत लिहिलेलं असतं, फक्त ती यादी खालपर्यंत वाचावी लागते. ज्या ओळीत कंपनीचं नाव न देता नुसतं 'अलॉय' लिहिलंय, तिथे थांबा आणि तो भाग हात लावून बघा.

सुरुवात फ्रेमपासून करा, कारण पुढे बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम नाही. आणि फ्रेममध्ये सगळ्यात आधी माप. एक साइज मोठी फ्रेम स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. सीट वरखाली होते, स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) थोडा आखूड लावता येतो, पण त्याला मर्यादा आहे, आणि तासाभराने मान-खांदे भरून येतात ते या मापामुळेच. जिऑमेट्रीच्या तक्त्यात 'स्टॅक' म्हणजे उंची आणि 'रीच' म्हणजे पुढची लांबी. दोन वेगळ्या कंपन्यांची 'मीडियम' फ्रेम सारखी नसते, हे दोन आकडे मात्र सरळ ताडून बघता येतात. ॲल्युमिनियमची नीट बांधलेली फ्रेम आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), बेताच्या किमतीत हा जोड मला सगळ्यात पटतो. फार स्वस्तातली कार्बन फ्रेम दिसली, की उरलेल्या भागांत काय काटछाट केलीय ते आधी शोधा. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग, आट्यांचा असेल तर उत्तम. दाबून बसवलेल्यापेक्षा तो काढायला-घालायला सोपा आणि कुरकुर कमी.

आता मागच्या चाकाकडे या. इथे मी सगळ्यांना थांबवते. मागच्या चकत्या दोन प्रकारांनी बसवलेल्या असतात. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील आख्खं हबवर आट्यांनी चढतं. त्यात उजवीकडचे बेअरिंगचे छर्रे आतल्या बाजूला राहतात, ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) बराच भाग आधाराविना उरतो आणि वजन पडून तो वाकतो. दुसऱ्या पद्धतीत उलटं सुटं फिरणारा भाग हबलाच जोडलेला असतो, त्याला फ्रीहब म्हणतात, आणि त्यावर कॅसेट सरकवतात. त्यात छर्रे टोकाजवळ, फ्रेमलगत येतात. ओळखायचं कसं? चाक हातात धरा, चकत्या उलट्या फिरवा आणि मधोमध हत्यार बसायची जी खाच असते तिच्याकडे बघा. खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरताहेत आणि खाच जागच्या जागी आहे, तर फ्रीव्हील. रोज चालवायच्या रोडबाइकवर फ्रीव्हील असेल, तर डिरेलरवर काहीही लिहिलेलं असो, मी ती सायकल सोडून देईन. सात गिअरच्या सायकलींवर तर हे हमखास तपासा.

ब्रेकच्या बाबतीत डिस्क (हबवरच्या चकतीला पॅड धरणारा ब्रेक) म्हणजे चांगलाच, असं धरून चालू नका. स्वस्त केबलवाल्या डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड सरकतो, डिस्कला ढकलून दुसऱ्या पॅडवर नेऊन टेकवतो, आणि पॅड झिजतील तसं पुन्हापुन्हा जुळवावं लागतं. त्यापेक्षा ड्युअल पिव्हटचा (दोन खिळींवर फिरणाऱ्या हातांचा) चांगला रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड धरणारा ब्रेक, कोरड्या रस्त्यावर जास्त भरवशाचा. पावसात मात्र डिस्कच सरस, आणि डिस्कच्या फ्रेममध्ये जाड टायरला जागाही जास्त मिळते. हायड्रॉलिक डिस्क (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) बजेटमध्ये बसत असेल तर प्रश्नच मिटला. रिम ब्रेक बघताना लिव्हर पूर्ण जोर लावून दाबा. लिव्हर हँडलला जाऊन टेकला, किंवा ब्रेकचे हात डोळ्यांना दिसतील इतके वाकले, तर ब्रेक कमकुवत आहे किंवा केबल नीट लावलेली नाही. दोन्हींतलं काय, ते विचारा आणि समोर दुरुस्त करून घ्या.

गिअर किती, यापेक्षा ते कुठून कुठपर्यंत आहेत ते बघा. पुढची छोटी चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ ची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मागे ३४ असेल तर सुमारे २.१ मीटर. खड्या चढावर गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो. नवशिक्याला ११-३२ किंवा ११-३४ ची ८ गिअरची कॅसेट ही ११-२५ च्या ११ गिअरपेक्षा कितीतरी उपयोगाची. शिवाय ८-९ गिअरच्या चेन आणि कॅसेट स्वस्त पडतात. या झिजणाऱ्या वस्तू आहेत, पुनःपुन्हा घ्याव्या लागणार.

मग सोरा की १०५? मापाची फ्रेम, कार्बन फोर्क, फ्रीहबचं चाक आणि धड ब्रेक सोरावाल्या सायकलीला असेल, तर सोरा घ्या आणि थांबू नका. क्लॅरिसचंही तेच. आजच्या क्लॅरिसचे गिअर ब्रेक लिव्हरमधूनच बदलतात आणि नीट ट्यून केली तर ती वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. १०५ साठी थांबणं मला तेव्हाच योग्य वाटतं, जेव्हा तुम्ही आधीच नियमित चालवताय आणि गटाच्या वेगात गिअरमधली मोठी उडी तुम्हाला खरोखर खटकतेय.

बजेटमधले थोडे पैसे मात्र बाजूला ठेवा. सायकलीबरोबर येणारे, काठात तार असलेले जड टायर उतरवून चांगले २८ मिलिमीटरचे टायर टाका. आधी फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तेवढी जागा आहे ना, ते बघून घ्या. आणि हवा बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नका, आपल्या वजनाप्रमाणे भरा.