म्यान उलटं धरून हलवलं तेव्हा

सोलापुरात मे महिन्यात दुपारी बारा ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असतं आणि माणूस पूर्ण आडवा. त्या वेळात कुणी आलंच तर त्याचा अंगठा तुटलेला असतो, चपलेचा. म्हणून नान्नजकडचे ते काका टॉवेलात गुंडाळलेली सुरी घेऊन आत वाकले, तेव्हा मी जरा दचकूनच उठलो.

5 इंचांचं पातं, शिसवी मूठ, दोन्हींच्या मध्ये पितळेची आडपट्टी. सुरी त्यांच्या वडिलांची. वडील तिनं ससे-तितर सोलायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, आणि मुलगा वनखात्यात लागून माळढोक अभयारण्यात राखणीला राहिला. "बापानं मारलं, मी राखलं. हिशेब फिटला बघा मालक," काका म्हणाले. आता सुरी शेतात दोर अन् फांद्या कापायला. जुनं म्यान तळाला फाटलं होतं, टोक बाहेर डोकावत होतं. नवं करून पाहिजे होतं.

"उद्या घेऊन जा," मी म्हणालो. 30 वर्षं कोल्हापुरी करतोय. (कोल्हापुरी म्हटलं की लोकांना एकच गाव आठवतं. 2019 ला भौगोलिक मानांकन मिळालं त्या आठ जिल्ह्यांत सोलापूरही आहे, हे मी संधी मिळेल तिथं सांगतो.) एवढ्याशा पिशवीला काय लागतंय, असं वाटलं. जुनं म्यान काकांनी पुढं सरकवलं, तर मी बघितलंसुद्धा नाही. खुंटीला अडकवून टाकलं.

कातडं तेवढं बरोबर घेतलं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, 3 मिलीमीटरच्या वर जाड. क्रोमच्या रसायनात कमावलेलं मऊ कातडं दिलेला आकार धरून ठेवत नाही. पुढचं सगळं चपलेच्या सवयीनं केलं. पुठ्ठ्यावर सुरी ठेवून पेन्सिल फिरवली, माप आवळून घेतलं, दोन थर एकावर एक ठेवले आणि कडेनं टाके मारले. आमच्यात पट्टा पहिल्या दिवशी घट्टच ठेवतात. आठ दिवस पाय चावतो, मग पायच त्याला सैल करून घेतो.

दुसऱ्या दिवशी काकांसमोर ऐटीत सुरी आत घालायला गेलो. अर्ध्यात अडली. म्यान डाव्या मुठीत धरून दाबली. आतून बारीक कच् कच् ऐकू आलं, कात्रीनं दोरा कापावा तसं. आणि तळहाताला गार लागलं. धारेकडचे सहा टाके ओळीनं कापून पातं शिवणीतून बाहेर आलं होतं, नेमकं माझ्या मुठीत. फार खोल नव्हतं गेलं, पण रक्त बरंच आलं. काकांनी टॉवेलची चिंधी फाडून बांधली आणि एवढंच म्हणाले, "धारेच्या बाजूनं धरत नसतात हो मालक." मान खाली घालून ऐकून घेतलं.

ते गेल्यावर जुनं म्यान खुंटीवरून काढलं. रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, शिवण उसवली. आत दोन थर नव्हते, तीन होते! धारेच्या बाजूला, वरच्या-खालच्या कातड्याच्या मध्ये एक जाड पट्टी घातली होती. तिच्या आतल्या कडेवर पात्यानं वर्षानुवर्षं घासल्याच्या रेघा, आणि तिच्यातून गेलेला दोरा शाबूत. धार पट्टीला लागते, टाके तिच्या मागं राहतात. पट्टीमुळं पात्याला जाडीपुरती जागाही मिळते. माझ्या म्यानात ती जागाच नव्हती. सपाट पुठ्ठ्यावर रेघ मारताना पात्याची पाठ 4 मिलीमीटर जाड आहे हे मी धरलंच नव्हतं. पाय दबतो, पसरतो. सुरी काय दबणार?

कुणी केलं होतं ते म्यान, काकांनाही माहीत नव्हतं. टाके मात्र आपल्यातल्याच कुणाचे तरी असावेत. दोन सुया, दोन्हीकडून एकाच भोकातून. असला टाका एखादा तुटला तरी शेजारचे धरून राहतात.

रात्री पुन्हा बसलो. मधली पट्टी टोकाकडं रापीनं तासून पातळ केली. तिन्ही थर चिकटवले, आरीनं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलं. बांधलेल्या हातामुळं नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मग म्यान कोमट पाण्यात बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. गरम पाणी चालत नाही, कातडं आखडतं. सुरीला तेल लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं, कारण बाभळीतला तुरटपणा आणि लोखंड ओल्यात भेटले की दोघंही काळे पडतात. सुरी आत घातली आणि डावाच्या लाकडी दांड्यानं आडपट्टीभोवती, मुठीच्या फुगीरपणाभोवती कातडं दाबत गेलो. ओल्या कातड्याखालून सुरीचा आकार वर आला. या कामाचा हा भाग मला फार आवडला, खोटं कशाला बोलू.

सकाळी पोरगं ते वाळवायला पत्र्यावर ठेवायला निघालं होतं. ओरडून थांबवलं. आपल्या पत्र्यावर पापड वाळतात, म्यान नाही, तडकलंच असतं. दिवसभर सावलीत ठेवलं, मग कडा घोटून तेलाचा हलका हात दिला.

काका आले. सुरी घातली तशी आडपट्टी कातड्याच्या खोबणीत टक् करून बसली. त्यांनी म्यान उलटं धरलं आणि घंटा वाजवावी तसं हलवलं. मी नकळत पाय मागं घेतले. सुरी जागची हलली नाही. मग अंगठ्यानं जरा रेटा देऊन ओढली, तर अलगद बाहेर. दोन-तीनदा केलं त्यांनी तसं, लहान पोरागत.

पैशाचं बोलणं झालं. पहिल्या म्यानाचे घेतले नाहीत, हाताचे त्यांनी देऊ केले ते घेतले नाहीत. निघताना मी सांगितलं, "काका, घरात सुरी म्यानात ठेवू नका. कातडं ओल धरतं, पातं गंजतं. पितळेवर हिरवं चढतं. जुन्यात तेच झालंय. कपाटात वेगळी ठेवा."

काका उंबऱ्यातच थांबले. एकदा म्यानाकडं बघितलं, एकदा माझ्या बांधलेल्या हाताकडं.

"मग एवढं केलं कशाला हो मालक?"