रनआऊट आणि बाबांचा रविवारचा फोन

इथे मेलबर्नला दुपारचे बारा वाजतात तेव्हा नाशकात सकाळचे साडेसहा, म्हणजे बाबा गोल्फ क्लबवर चकरा मारत असतात आणि रविवारचा फोन तेव्हाच येतो. मागे कुणाचातरी हास्यक्लब चालू, त्यामुळे अर्धं बोलणं ओरडूनच.

गेल्या रविवारी सांगितलं की काल रनआऊट झालो. आमच्या क्लबची चौथी टीम, मी कॅप्टन (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून), ४१ वर मस्त सेट होतो आणि समोरच्या सतरा वर्षांच्या पोराने नसलेल्या रनला बोलावलं. परत जाताना त्याच्याकडे असं काही बघितलं की पुढच्याच ओव्हरला बिचारा आडवा हाणून आऊट, आणि मग काय, लाईनच लागली.

बाबा म्हणाले, "रहाणे आठव." हे येणार माहीतच होतं, संगमनेरकडचा माणूस म्हणजे आमच्या घरात जवळजवळ नातेवाईकच. २०२० ची बॉक्सिंग डे टेस्ट, याच शहरात. आदल्याच आठवड्यात ॲडलेडला टीम ३६ वर आटपलेली, कोहली घरी परतलेला म्हणून कॅप्टन रहाणे, आणि हा ११२ वर असताना जडेजाच्या पन्नासाव्या रनसाठी रनआऊट. तरी जाताना जडेजालाच धीर देऊन गेला. जडेजाने ५७ केले, १३१ चा लीड मिळाला, मॅच आठ विकेटनी खिशात.

मी म्हटलं, अहो बाबा, राग त्यालाही आला असणार, फक्त दाखवला नाही.

"मग मी वेगळं काय सांगतोय? राग पॅव्हेलियनमध्ये नेऊन काढ ना. बाकीचे दहा जण तुझं तोंड बघून ठरवतात, घाबरायचं की नाही ते."

मग थोडा वेळ नुसता हास्यक्लब. आणि एकदम म्हणाले, सातपूरला कंपनीच्या टीमचा कॅप्टन होतो तेव्हा एकाने कॅच सोडला, मी सगळ्यांसमोर त्याला झापला. पुढच्या मॅचला तो आला नाही, पोट बिघडलं म्हणाला. त्याच्या पुढच्यालाही पोटच. "चांगला फिल्डर होता रे," एवढंच बोलले. इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं, आईलाही नसेल.

गुरुवारी नेट्सला त्या पोराला म्हटलं, शनिवारी माझ्याबरोबर ओपनिंगला ये. तो जरा वेळ ग्लोव्ह्जच बघत राहिला, मग हळूच विचारलं, "कॉल कोण देणार?"